दोन थिएटरं आणि एक फर्मान: धीरेन गांगुलींच्या हैदराबादी कंपनीचं प्रकरण

१९२४ मध्ये हैदराबादच्या निजामाने एका चित्रपट कंपनीला चोवीस तासांत राज्याबाहेर निघून जायला सांगितलं. कंपनीचं नाव लोटस फिल्म कंपनी. मालक, दिग्दर्शक आणि पडद्यावरचा नट अशी तिन्ही कामं एकच माणूस करत होता: धीरेंद्रनाथ गांगुली, कलकत्त्याचे, जन्म १८९३ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम एकतिशीचे. ज्या चित्रपटावरून हुकूम निघाला तो 'रझिया बेगम' मुंबईत तयार झालेला होता. गांगुलींनी तो काढलेला नव्हता. आपल्या थिएटरात लावला होता, एवढंच.

मूकपटांचा इतिहास शिकवताना मी हे प्रकरण मुद्दाम घेतो, कारण मराठवाड्यातल्या मुलांना ते आपलं वाटतच नाही. फाळके नाशिक-मुंबईचे, बाबूराव पेंटर कोल्हापूरचे, प्रभात आधी कोल्हापूर आणि मग पुणं. या नकाशात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद कुठंच नाहीत. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, तेव्हा आपल्याकडं काय होतं?" त्याचं उत्तर असं की आपली राजधानी तेव्हा हैदराबाद होती आणि तिथं स्टुडिओ होता, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा होती, चित्रपट दाखवायला दोन थिएटरं होती. सगळं दोनेक वर्षांत उभं राहिलं आणि एका दिवसात बंद झालं.

गांगुली मुळात चित्रकार. शांतिनिकेतनात शिकलेले, नंतर हैदराबादच्या सरकारी कलाशाळेत मुख्याध्यापक. म्हणजे निजामाचा आणि त्यांचा संबंध सिनेमाच्या आधीपासूनचा, नोकरीचा. कॅमेऱ्याकडे ते आले ते स्वतःच्या चेहऱ्यामुळे. 'भावेर अभिव्यक्ती' नावाचं एक पुस्तक त्यांनी काढलं होतं. त्यात वेगवेगळ्या वेशांत आणि वेगवेगळ्या भावांत काढलेले त्यांचे स्वतःचेच फोटो होते, बायकांच्या सोंगांसकट. या वेषांतराच्या हातोटीमुळे कलकत्त्याच्या पोलिसांनी त्यांच्याकडून आपल्या गुप्तहेरांना धडे देववले. मूकपटाच्या नटाला लागणारं बहुतेक भांडवल या पुस्तकात होतं. आवाज नाही, संवाद नाही. जे काय सांगायचं ते भुवई, ओठ आणि खांदे सांगणार.

हेच पुस्तक घेऊन ते कलकत्त्यात मदन कंपनीच्या दारात गेले. मदन ही तेव्हाची देशातली सगळ्यांत मोठी थिएटरवाली मंडळी. तिथले नीतीश लाहिरी यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९१८ मध्ये इंडो ब्रिटिश फिल्म कंपनी उभी राहिली. १९२१ मध्ये तिचा 'बिलेत फेरत' लागला. विलायतेहून परतलेला एक बंगाली बाबू, त्याचे साहेबी चाळे, आणि ते बघून हवालदिल झालेलं घर. दिग्दर्शन लाहिरींचं, कथा आणि नायक गांगुली. लोक हसले, गल्ला जमला. ज्या वर्गातून ते आले होते त्याच वर्गाची त्यांनी टर उडवली होती, तीही त्याच वर्गाला तिकीट काढायला लावून. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या हुकुमाचं खापर अनेकजण 'याला लोकांची नाडी कळली नाही' यावर फोडतात. नाडी त्यांना चांगली कळत होती.

भागीदारी टिकली नाही. १९२२ मध्ये गांगुली पुन्हा हैदराबादेत आले, आता सिनेमावाले म्हणून, आणि निजामाच्या मदतीने लोटस उभी केली.

निजाम, म्हणजे मीर उस्मान अली खान, त्या वर्षांत कलेवर खर्च करत होताच. १९२० च्या सुमारास त्याने अजिंठ्याची भित्तिचित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावले होते. अजिंठा तेव्हा त्याच्याच राज्यात, त्याच्याच पुरातत्त्व खात्याखाली. एकाच राजाच्या मर्जीतून आमच्या लेण्यांतल्या रंगांचे पोपडे चिकटवले जात होते आणि चारेकशे मैलांच्या आत एका बंगाल्याची फिल्म धुतली जात होती. त्यामुळे 'निजामाला कलेचं वावडं होतं' असं सरळसोट उत्तर इथं चालत नाही. मुलांना ते हवं असतं, मी देत नाही.

लोटसने काय काढलं? 'इंद्रजित', 'लेडी टीचर', 'द मॅरेज टॉनिक', 'साधू और शैतान', 'चिंतामणी', 'हर-गौरी', 'ययाती', 'बिमाता'. एका बाजूला पुराण, दुसऱ्या बाजूला घरगुती विनोद. निवड हुशारीची होती. पुराणकथा कुठल्याही भाषेच्या माणसाला पडद्यावरची पाटी न वाचता कळते, आणि या राज्यात तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू सगळे होते. दरबाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठात शिकवणंही उर्दूतून. पण मूकपटाला त्याची अडचण नव्हती. मधल्या पाट्या दोन-तीन लिप्यांत टाकायच्या, किंवा थिएटरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. परभणीच्या मराठी माणसाला आपल्या राज्यातली शाळा परकी होती, तिथला सिनेमा तसा परका होण्याचं कारण नव्हतं. बोलपटानंतर ही सोय कायमची गेली.

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे.

वर्गात पहिला प्रश्न ठरलेला. लातूरच्या एका मुलीने तो नेमका विचारला: "सर, दुसऱ्याचा पिच्चर लावायची काय गरज होती त्यांना? स्वतःचेच लावायचे ना गप."

उत्तर मी नाही दिलं. नांदेडकडच्या एका मुलाने दिलं. त्याच्या आजोबांचा फिरत्या टॉकीजचा तंबू होता, माळेगावच्या जत्रेत लागायचा. तो म्हणाला, "लोकायला रोज नवं पायजे असतंय. कालचाच पिच्चर आज लावला तर तंबूत कुत्रं येत नाही."

हिशोब फळ्यावर मांडला. दोन थिएटरं, आणि दर आठवड्याला प्रत्येकी एक नवा कार्यक्रम धरला, तर वर्षाला १०४ कार्यक्रम. एकच चित्रपट दोन्हीकडे फिरवला तरी ५२. आणि लोटसचं सगळं मिळून उत्पादन दोनेक वर्षांत वर दिलेल्या यादीएवढं. म्हणजे स्वतःचे चित्रपट लावून ही थिएटरं वर्षातले मोजकेच आठवडे चालणार. उरलेल्या आठवड्यांत पडदा भरायला माल बाहेरून, मुंबई-कलकत्त्याहूनच आणावा लागणार. आणि पडदा रिकामा ठेवता येत नव्हता, कारण स्टुडिओचा रोजचा खर्च तिकिटांच्या पैशांतून निघणार होता. थिएटर हातात ठेवून चित्रपट काढायचे, हा धडा गांगुलींनी मदनकडे बघूनच घेतलेला असणार. पण मदनची थिएटरं शहरोशहरी पसरलेली होती. यांची दोन्ही एकाच गावात, एकाच राजाच्या हद्दीत.

'रझिया बेगम' या गरजेतून पडद्यावर आला, असं मी मानतो. राजाला डिवचायला कुणी लावला नव्हता. मुंबईचा नवा माल, मुसलमान राजकन्येची गोष्ट, हैदराबादच्या प्रेक्षकाला रस वाटेल असा विषय. थिएटरवाल्याच्या डोक्याने बघितलं तर बिनधोक निवड.

अडलं ते गोष्टीत. मुसलमान राजकन्येचा जीव एका हिंदू माणसावर जडतो, अशी ती कथा. इतिहासातली रझिया १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर होती आणि तिच्या बदनामीला निमित्त झाला तो याकूत, घोड्यांच्या पागेवरचा हबशी अधिकारी. तिथं हिंदू प्रियकर कुठंच नाही. (औरंगाबाद ज्याने वसवलं तो मलिक अंबरही हबशी. याकूत होता तसाच ठेवला असता तर निदान आमच्या शहराला त्यात नवल वाटलं नसतं.) सिनेमाच्या लेखकाने तिढा वाढवायला हबश्याच्या जागी हिंदू बसवला आणि मुंबईत त्याची किंमत कुणाला मोजावी लागली नाही. हैदराबादेत प्रजेतला मोठा भाग हिंदू आणि गादीवर मुसलमान राजा. तिथं ही प्रेमकथा राहत नाही, राज्य कुणाचं या प्रश्नाला जाऊन भिडते. शिवाय साल १९२४. दिल्ली, नागपूर, कोहाट, आणि याच राज्यातलं गुलबर्गा, अशा ठिकाणी दंगली झाल्या ते हे वर्ष. तुर्कस्तानातली खिलाफतही याच वर्षी संपवली गेली.

निजामाने चित्रपट बंद करायला सांगितला असता तर हे प्रकरण अभ्यासायचं कारणच नव्हतं. त्याने माणूस बाहेर काढला. या दोन गोष्टींतला फरक नीट बघायला हवा, कारण सगळा निष्कर्ष त्यात आहे.

ब्रिटिश मुलखात १९१८ चा सिनेमाचा कायदा होता आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगूनला सेन्सॉर मंडळं होती. मंडळ कडक होतं, राजकीय बाबतीत तर फारच. पण त्याचा हात पोचायचा तो फिल्मपर्यंत. १९२१ चा कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' घ्या. द्वारकादास संपत यांनी विदुर केला तो गांधींसारखा दिसणारा, डोक्यावर टोपीसकट. मद्रास आणि कराचीत चित्रपटावर बंदी आली. कोहिनूरचं काय झालं? काही नाही. बंदीने झालेल्या गवगव्यावर बाकीच्या ठिकाणी आणखी गर्दी झाली असेल तर नवल नाही, आणि कंपनी पुढची कितीतरी वर्षं चित्रपट काढत राहिली. एक प्रांत गेला तरी दुसरा होता. मद्रासच्या अधिकाऱ्याला मुंबईतल्या स्टुडिओला कुलूप लावता येत नव्हतं.

तो कायदा संस्थानांना लागू नव्हता. हैदराबादेत मुंबईच्या सेन्सॉरच्या कागदाला किंमत नव्हती, आणि ज्याच्याकडे दाद मागायची तोच हुकूम काढणारा. जमीन त्याची, थिएटरची परवानगी त्याची, मदत त्याची. फर्मान निघालं की वरचं कोर्ट नाही.

त्यात गांगुली गैरमुलकी, म्हणजे राज्याबाहेरचे. मराठवाड्यातल्या वाचकाला या शब्दाबद्दल जास्त सांगायला नको. आमच्या आजोबांच्या नोकऱ्यांच्या आणि भांडणांच्या गोष्टी मुलकी-गैरमुलकीशिवाय पुऱ्या होत नाहीत. बाहेरून आलेल्याला मोठी जागा मिळायची, कारण तो शिकलेला आणि स्थानिक गटातटांत नसलेला. आणि त्याला काढणंही तितकंच सोपं, कारण त्याच्यामागे इथलं कुणी उभं राहणार नव्हतं. याआधीचं उदाहरण आहे. सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय, तेही बंगाली, तेही निजामाच्या राज्यातल्या शिक्षणाचा पाया घालणारे. चांदा (चंद्रपूर) रेल्वेच्या व्यवहारावर १८८३ मध्ये त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना राज्याबाहेर घालवलं गेलं. पुढे त्यांना परत घेतलं. मास्तर परत येऊ शकतो, त्याची पुस्तकं त्याच्या डोक्यात असतात. स्टुडिओचं तसं नाही. यंत्रं, धुलाईच्या टाक्या, पेटणारी नायट्रेटची फिल्म, पगारावरची माणसं, हे सगळं चोवीस तासांत कोण कुठं हलवणार?

वर्गात या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे राजाश्रयच वाईट." मला हे पटत नाही, आणि त्यासाठी कोल्हापूर पुरे आहे.

तेही संस्थान. तिथंही शाहू महाराजांचा आश्रय होता. बाबूराव पेंटरही गांगुलींसारखेच आधी चित्रकार. पण त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचा पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. कॅमेरा बाबूरावांनी स्वतः जुळवला. दामले, फत्तेलाल ही रंगकाम आणि सुतारकामापासून शिकत गेलेली माणसं. शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा तिथंच पडेल ते काम करत नट झाला, मग दिग्दर्शक. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि कंपनी चालूच राहिली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले, तेव्हा ते रिकाम्या हाताने गेले नाहीत. सीताराम कुलकर्ण्यांचं भांडवल घेऊन त्यांनी प्रभात काढली. कंपनी फुटली आणि गावात एकीच्या दोन झाल्या.

हैदराबादेत लोटस बंद झाली तेव्हा मागे दुसरी कंपनी काढणारं कुणी उरलं नाही. सगळी मोट एकाच आडावर होती: पैसा निजामाचा, कसब गांगुलींचं, प्रेक्षक राजधानीचा. या पाच जिल्ह्यांतला एखादा चित्रकार, एखादा सुतार, एखादा नाटकवाला दोन-चार वर्षं तिथं राबून हात तयार करून परत आला असता, तर औरंगाबादला काहीतरी सुरू झालं असतं का? शक्यता होती, आणि मला हळहळ वाटते ती याची. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादेला जाणारी मीटरगेज १९०० च्या सुमारासच सुरू झालेली. रात्रीत माणूस राजधानीत. पण शिकून तयार व्हायला लागतात तेवढी वर्षं लोटसला मिळालीच नाहीत.

गांगुलींचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. ते कलकत्त्याला परतले आणि १९२९ मध्ये ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स काढली. यावेळी एकटे नाहीत, भागीदारांसह; प्रमथेश बरुआ त्यांत होते, आणि देवकी बोस इथंच पुढं आले. दोघंही नंतर बंगाली सिनेमाची मोठी नावं झाली. ही कंपनी बुडाली ती बोलपटाने, राजाने नव्हे. मग न्यू थिएटर्स, मग विनोदी बोलपट, १९४९ पर्यंत काम. १९७४ मध्ये पद्मभूषण, १९७५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, १९७८ मध्ये निधन. चांगली कारकीर्द. तिच्यातली हैदराबादची वर्षं मात्र आज नुसत्या नावांच्या यादीतून समजून घ्यावी लागतात. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यांतले तीसच्या आसपासच कमी-अधिक शाबूत आहेत. 'बिलेत फेरत'मधला त्यांचा चेहरा कसा हलत असेल हे पाहायला 'भावेर अभिव्यक्ती'तले थांबलेले फोटोच काय ते उरतात.

शेवटी वर्गाला एकच काम देतो: १९२२ साल आहे, तुम्ही गांगुली आहात, निजामाने मदत देऊ केली आहे. घ्याल का, आणि घेतलीत तर काय वेगळं कराल?

बहुतेक मुलं 'वादाचा चित्रपट लावणार नाही' असं लिहितात. ते उत्तर मी कापतो. कुठला चित्रपट उद्या वादाचा ठरेल हे थिएटरवाल्याला आज कळत नसतं, आणि कळतंय असं धरून चालणारा शेवटी फक्त हर-गौरी लावत बसतो. लातूरच्या त्या मुलीने लिहिलं की थिएटरं घेऊच नयेत, नुसते चित्रपट काढावेत. तंबूवाल्याच्या नातवाने तिला वर्गातच विचारलं, मग तुझे चित्रपट दाखवील कोण, आणि ती गप्प झाली. त्याचं स्वतःचं उत्तर मला सगळ्यांत कामाचं वाटलं. मदत घ्यायची, स्टुडिओ हैदराबादेतच ठेवायचा, पण दुसरं थिएटर हैदराबादेत न घेता सोलापूरला घ्यायचं.

सोलापूर म्हणजे ब्रिटिश हद्द. गिरणी कामगारांचं गाव, खिशात आठवड्याचा पैसा असलेला प्रेक्षक. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या चारही भाषा बोलणारा, म्हणजे राज्याच्या प्रेक्षकाची छोटी आवृत्तीच. मुंबईहून येणारी गाडी तिथूनच पुढं हैदराबादच्या वाटेवरच्या वाडीला जाते. लातूर, उस्मानाबादचा माणूस बाजाराला सोलापूर-बार्शीलाच जायचा. लातूरला तर बार्शी लाइट रेल्वे १९११ पासून होती. त्याने आणखी एक गोष्ट जोडली होती, जी माझ्या डोक्यात आली नव्हती: प्रत्येक चित्रपट पुरा झाला की मूळ निगेटिव्ह हैदराबादेत ठेवायची नाही, सोलापूरला पाठवायची. प्रती राजधानीत, निगेटिव्ह हद्दीबाहेर. फर्मान आलं तर यंत्रं जातील, इमारत जाईल. निगेटिव्ह हातात असली की मुंबईच्या कुठल्याही प्रयोगशाळेतून नवी प्रत काढता येते आणि भाड्याने देता येते.

मी एवढंच विचारलं की निजाम दुसरं थिएटर सोलापूरला काढू देईल का. तो म्हणाला, "विचारायचंच कशाला, सर? ते त्याच्या राज्यात थोडंच आहे."